आवडीचा चॅनल

शनिवारी दुपारी कौमुदी चेन्नईच्या एका टोकाच्या पेरुंगुडीहून दुसऱ्या टोकाच्या आवडीला निघाली, ती एक लहानसं यंत्र परत आणायला. काम किरकोळ होतं. तळहातावर मावेल एवढा संगणक, एक माइक, एक हेडफोन आणि दोन वायरी पिशवीत घालायच्या, भवानीकाकूंशी चार शब्द धीराचे बोलायचे आणि उजेड आहे तोवर परतायचं. ते चार शब्द कुठले, हे मात्र आवडी स्टेशन आलं तरी तिला सुचलं नव्हतं. काकूंचे यजमान बालाजीराव जाऊन दोनेक आठवडे झाले होते. ते असताना ती यंत्र बसवायला एकदाच त्या घरी गेली होती, त्यानंतर आजच.

कौमुदी मूळची मिरजेची, नोकरीसाठी चेन्नईत आलेली. इथल्या तंजावरी मराठी मंडळींचा एक भजनाचा गट होता. पण गाणाऱ्या रत्नप्रभाअक्का मैलापूरला, मृदंगवाले सेतुमाधव थेट तंजावरला आणि झांजवाले बालाजीराव आवडीला. जमणार कसे? व्हिडिओ कॉलवर गायला बसलं की एकाचं 'विठ्ठल' दुसऱ्याच्या 'विठ्ठल'वर आदळायचं. तेव्हा कौमुदी पुढे सरसावली. लिनक्स आणि त्यावरची फुकट मिळणारी, हवी तशी बदलता येणारी सॉफ्टवेअर म्हणजे तिच्या हातचा मळ. तिने प्रत्येकाच्या घरी एकेक छोटं यंत्र बसवलं, आपल्या फ्लॅटमधल्या सर्व्हरवर सगळ्यांचे आवाज एकत्र केले, आणि पापणी लवायच्या आत एकाचा सूर दुसऱ्याच्या कानात पोचू लागला. मंडळींनी तिला डोक्यावर घेतलं. तिलाही ते आवडलं, नाही असं नाही.

फक्त आवडीची इंटरनेटची लाइन रडकी होती. बालाजीरावांची झांज केसभर उशिरा पोचायची. भजनात सगळे विसंबलेले झांजेवर. ती मागे पडली की गाणारे तिच्यासाठी थांबायचे, ते थांबले म्हणून बालाजीराव आणखी सावकाश वाजवायचे, आणि शेवटी नामावळी जांभया देऊ लागायची. नवी लाइन घ्यायला हवी होती. त्यासाठी आवडीला जाऊन म्हाताऱ्याला तोंडावर सांगायला हवं होतं की, काका, तुमची झांज उशिरा येते. कौमुदीने सोपा मार्ग धरला. भजन सुरू झालं की घरबसल्या त्यांचा चॅनल बंद करायचा, आणि त्यांचीच एका चांगल्या दिवशी रेकॉर्ड केलेली झांज त्या जागी लावून द्यायची. त्यांना सगळ्यांचं ऐकू येई. त्यांचं कुणाकडेच जात नसे. भजन संपलं की बोलण्यापुरता चॅनल पुन्हा उघडायचा.

"आजच्यापुरतं," असं तेव्हा ती स्वतःला म्हणाली होती. पण भजन असं काही रंगलं की ते आजच्यापुरतं वर्षभर चाललं. दर शनिवारी बालाजीराव शेवटी तिला तमिळ वळणाने 'मा' म्हणत विचारत, "ताळ बरोबर होता का, मा?" आणि ती म्हणे, "अगदी बरोबर, काका!" पुढेपुढे हे म्हणताना तिला काही वाटेनासं झालं. ती नुसती सरावली होती.

भवानीकाकूंनी दार उघडलं. घरात कापराचा आणि बंद खोलीचा वास होता. बाहेर ऊन रणरणत होतं, आत मात्र दिवा लावावा असा काळोख. "ये, मा, बैस. काफी देते," म्हणत काकू आत गेल्या.

यंत्र कोपऱ्यात तसंच होतं. समोर लाकडी पाट, पाटापुढे माइक, पाटावर पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेली झांज. फडक्यावर वाळलेलं एक फूल.

"दवाखान्यात एकच घोर त्यांस," कॉफीचा पेला पुढे करत काकू म्हणाल्या. "म्हणाले, भवानी, मी येथ पडून आहे, तेथ ती मंडळी ताळ कसा धरतील? तंजावरपासून मैलापूरपर्यंत सगळे माझ्या ताळावर गातात. या गल्लीत कोणास सांगायचं सोडलं नाही त्यांनी. कारखान्यात इतकी वर्षं काम केलं, पण एवढा मान कोठे मिळाला नव्हता, मा. तुझ्यामुळे मिळाला."

कौमुदीने पेला खाली ठेवला. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला वाटलं. सांगून टाकावं, आत्ताच. तिने तोंड उघडलंही, पण काकूंच्या चेहऱ्यावरचा तो अभिमान पाहून पुन्हा मिटलं. शरमेलाही कारणं शोधता येतात. या बाईचं उरलंसुरलं सुख आपण का काढून घ्यावं, असं एक छानदार कारण तिला लगेच सापडलं.

ती वायर काढायला वाकली तशा काकू म्हणाल्या, "नेण्याआधी एकदा लाव, मा. आज शनिवार की. ते बसत तेथ बसून एकदा भजन ऐकते. मग ने, सरी ना?"

कौमुदीने वायर तशीच राहू दिली. तिने यंत्र सुरू केलं, काकूंच्या कानांवर हेडफोन ठेवला, आणि स्वतः लॅपटॉप मांडीवर घेऊन घरच्या सर्व्हरला जोडला. पडद्यावर तीन पट्ट्या होत्या, ज्या त्या घरच्या माइकवर आवाज पडला की उसळणाऱ्या: मैलापूर, तंजावर, आवडी. आवडीचं बटण लाल, म्हणजे बंद. बालाजीराव गेल्यापासून ती रेकॉर्ड केलेली झांजही तिने लावली नव्हती; मंडळी बिनझांजेची गात होती.

नामावळी सुरू झाली. त्या घरात ती ऐकू येत होती हेडफोनमधून एकट्या काकूंना. खोलीत फक्त पंख्याची घरघर होती. काकूंनी डोळे मिटले. बोटं मांडीवर हलू लागली. मग त्या हसल्या.

"वाजवतात की," त्या हळूच म्हणाल्या.

"कोण, काकू...?"

कौमुदीने पडद्याकडे पाहिलं. आवडीची हिरवी पट्टी उसळत होती. उसळे, खाली येई, उसळे, खाली येई, एका लयीत. माइकसमोर पाट होता. पाटावर फडकं होतं, फडक्यावर ते वाळकं फूल, जागच्या जागी. पंख्याखेरीज खोलीत कसलाही आवाज नव्हता.

पंख्याचा वारा माइकला लागत असेल, असं म्हणून ती उठली आणि तिने पंखा बंद केला. पट्टी उसळतच राहिली.

नामावळी संपली आणि तिचा फोन वाजला. रत्नप्रभाअक्का होत्या. "कौमुदी, अगं, आज झांजेवर कोणाला बसवलंस? सेतुमाधव तर मृदंग सोडून नुसते ऐकत राहिले. इतकी नेमकी झांज मी आजवर ऐकली नाही. बालाजीरावांचीसुद्धा नाही, खरं सांगते."

"अक्का... आवडीचा चॅनल तर बंद आहे."

"मग हे येतंय कोठून?" अक्का म्हणाल्या, आणि लाइन कटली.

कौमुदीने पाटाकडे पाहिलं. पंखा बंद होता, तरी त्या वाळक्या फुलाची एक पाकळी थरथरली. का तिलाच तसा भास झाला?

काकूंनी हेडफोन कानांवर घट्ट धरला. कपाळाला आठी पडली. "बोलतात, मा..." त्या कुजबुजल्या. "तुला विचारतात."

"काय... काय विचारतात?"

"आज तरी माझं तिकडे जातं का, असं विचारतात." काकूंनी डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं. त्या डोळ्यांत संशय नव्हता, नुसता साधा प्रश्न होता. "आज तरी, असं का म्हणतात, मा? दर शनिवारी जात होतं की?"

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. कधीपासून, कोण जाणे. दर शनिवारी ठाऊक असूनच ते पाटावर बसत होते, शेवटपर्यंत वाजवत होते, आणि ती एकदा तरी खरं बोलेल एवढ्याचसाठी तो एक प्रश्न विचारत होते. कौमुदीला आपलीच अशी किळस आली की भीती मागे पडली. ती गुडघ्यांवर सरकत माइकपाशी गेली आणि एका दमात सगळं बोलली. चॅनल मीच बंद केला, काका. लाइन खराब होती, तुमचा हात नव्हे. वर्षभर तुमची झांज कुणी ऐकली नाही, मी ऐकू दिली नाही, आणि वर तोंडदेखलं बरोबर बरोबर म्हणत राहिले. मला क्षमा करा. काकू, तुम्हीही करा.

बोलून झाल्यावर तिने पडद्याकडे पाहिलं. आवडीची पट्टी तळाशी निपचित होती. तोंडाला माइक टेकवून ती एवढं बोलली, तरी पट्टी तसूभर हलली नव्हती. मागे काकू हलकेच खोकल्या, आणि पट्टी टुणकन उसळली.

"काका!" ती ओरडली. घसा दुखेपर्यंत ओरडली. पट्टी हलली नाही.

काकूंनी कानांवरून हेडफोन काढून गळ्यात घेतला आणि तिच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं.

"ते थांबलेत, मा. उत्तर दे की त्यांस," त्या म्हणाल्या. "नुसते ओठच का हलवतेस मघापासून?"