मधला आकडा

गाडी टायरच्या दुकानासमोर आली तीच लंगडत. लालचुटुक, बुटकी, दोनच दारांची. हैदराबादेतल्या आबिड्सच्या गर्दीत, अँबॅसिडर नि रिक्षांच्या मधोमध, ती वऱ्हाडापासून चुकलेल्या नवरीसारखी बावरून उभी राहिली. आतून उतरलेला तरुण भुरभुर पावसात भिजत पुढच्या चाकाकडे बघत राहिला... आणि काउंटरमागून जयवंता त्याच्याकडे.

मग ती छत्री न घेताच बाहेर आली. वाकून टायरवरून तळवा फिरवला.

"पंक्चर आहे, ते काढता येईल. पण टायरच संपलाय हो! नक्षी उरलीय कुठं? यावर गाडी चालवता?"

"मालक आहेत का?"

"मालकांची पाठ धरलीय, घरी झोपून आहेत. मालकांची मुलगी चालेल?"

तो हसला. हसला तो फक्त डाव्या गालात, आणि जयवंताला उगाचच ओढणी सावरावीशी वाटली.

सारंग पुण्याचा. बेगमपेटेत सॉफ्टवेअर कंपनीत होता. ही स्पोर्ट्स कार दुबईहून परतलेल्या मामानं मोठ्या प्रेमानं त्याच्या गळ्यात मारली होती. आता कंपनी त्याला पुण्याच्या नव्या ऑफिसात पाठवत होती, कायमचं. महिनाअखेर गाडी घेऊन निघायचं होतं.

"टायर मिळाले की निघालोच," तो म्हणाला.

ती टायरच्या कडेवरचे आकडे वाचू लागली. "एकशे पंच्याण्णव, पन्नास, पंधरा. पहिला आकडा रुंदीचा, शेवटचा रिंगचा."

"आणि मधला?"

"उंचीचा. रुंदीच्या मानानं टायर किती उंच, ते. तुमचा पन्नास... म्हणजे बुटका."

"टायर की मी?"

"तुम्हाला मापायची टेप नाही आमच्याकडं." ती म्हणाली खरी, पण कानाच्या पाळ्या तापल्या. "हा साइज हैदराबादेत मिळायचा नाही. मद्रासहून मागवते. परसों येतील."

"परवा? नक्की?"

"ही इथली परसों आहे साहेब. तिला तारीख नसते."

मग तो रोज संध्याकाळी येऊ लागला. कधी सुलतान बाजारातून गरम मिरची भजी घेऊन, कधी नुसताच. "आले का?" विचारायचा, आणि उत्तर ऐकूनही टायरांच्या चवडीवर बसून राहायचा. ती गिऱ्हाइकं बघायची, तो तिला.

आणि एका दुपारी टायर आले.

चार कोरे, काळेभोर, तपकिरी कागदात गुंडाळलेले. दुकानातल्या जुन्या फिटरनं, यादगिरीनं, ते मागच्या गोदामात नेऊन ठेवले. संध्याकाळी सारंग आला. "आले का?"

"नाही."

शब्द असा सुटला की तिचा तिलाच दचका बसला. यादगिरीनं तिच्याकडे पाहिलं, मग जॅककडे, मग तो बराच वेळ जॅकच पुसत बसला. उद्या सांगू, तिनं मनाशी ठरवलं. दुसऱ्या दिवशीही तिच्या ओठावर 'नाही'च आलं. टायर बसले की हा जाणार... ते पुढचं तिला मनातसुद्धा म्हणवेना.

शनिवारी सारंग सकाळीच आला. गाडीच्या मागच्या सीटवर बॅगा. पुढची दोन चाकं चकचकीत नवी.

"नामपल्लीला मिळाले. रिंग तीच, रुंदी तीच. आता निघतोच, संध्याकाळी सोलापूर. म्हटलं, तुम्हाला... सांगून जावं."

जयवंता खाली वाकली. मधला आकडा पासष्ट होता.

"स्टिअरिंग पूर्ण वळवा."

त्यानं वळवलं. मडगार्डच्या आतून खर्रर्र असा आवाज आला. तिनं आत बोट घातलं. बोटावर रबराचा काळा चुरा.

"टायर उंच आहे. घासतोय. नामपल्लीपासून इथवरच एवढा किसलाय! पुढं भरधाव वळणावर भार आला तर फुटेल."

"सोमवारी हजर व्हायचंय, जयवंता. तुमची परसों काही यायची नाही." त्याचा आवाज तुटक होता. "हळू चालवीन."

किल्ली फिरली. सांगितलं तर हा जाणार, नाही सांगितलं तरी जाणारच... पण या चाकांवर?

"थांबा!" तिनं दारच धरलं. "टायर आलेत. मागे, गोदामात आहेत. मी खोटं बोलले."

इंजिन बंद झालं.

"अच्छा हुआ बोल दिए, अम्मा," यादगिरी पुटपुटला. "मेरेकु नींद नै आरी थी." आणि कुणी काही म्हणायच्या आत तो गोदामाकडे वळला.

चारही चाकं उतरली, चारही चढली. सारंग हाताची घडी घालून उभा. तिला वाटलं, ओरडला असता तर बरं. शेवटचा बोल्ट आवळून यादगिरी मुद्दाम लांब नळावर हात धुवायला गेला.

"का?" सारंगनं विचारलं.

"हे बसले की तुम्ही जाणार होतात." ती त्याच्या बुटांकडे बघून बोलत होती. "दुसरं काही कारण नाही."

"मग 'थांब' म्हणायचं होतं!"

"गिऱ्हाइकाला कसं म्हणणार?"

तो जवळ आला. "मी रोज भजी घेऊन कुठल्या दुकानात जातो? हं?" आता आवाज वेगळाच होता, खोल. "आत्ता म्हण. थांब म्हण."

पावसाची सर सरली होती. रस्ता ओला, चकाकता. जयवंतानं मान वर केली. डोळे भरले होते, पण नजर हलली नाही.

"आता नाही म्हणणार. एकदा अडवलं खोटं बोलून, तेवढं पुरे. जा तू. सोमवारी हजर हो. परत यायचं की नाही, ते तुझ्या मनानं ठरव."

'तू' तोंडातून निसटल्यावर तिनं जीभ चावली. त्याच्या डाव्या गालात हसू आलं. गाडीत बसला. काच खाली केली.

"सोलापूरला पोचलो की फोन करतो. दुकानात की घरी?"

"आता पोचायला रात्र होईल, दुकान बंद झालेलं असेल," ती घाईनं म्हणाली, "पण घरी... घरी नको. बाबा उचलतील!"

"नंबर सांग," सारंग म्हणाला. "मला त्यांच्याशीच बोलायचंय."