खबर देणार

हे मी भुताची गोष्ट म्हणून सांगत न्हाई. सरकारी काम म्हणून सांगते. भूत त्यात मधी आलं, त्याला मी काय करू?

जुलैची गोष्ट. मला विष्णुपुरीला इंजिनिअरिंगची सीट लागलती. आमच्या घरात पहिली इंजिनिअर मीच होणार, म्हणून पप्पानं गल्लीत पेढे वाटले. पेढे संपायच्या आत कॉलेजचा मेसेज आला: तीस तारखेपर्यंत जात वैधता प्रमाणपत्र जमा करा, न्हाईतर प्रवेश रद्द.

आता गंमत बघा. आमच्या घरानं छप्पन साली जात सोडली. पणजोबा नागपूरला जाऊन आले आणि त्या दिवसापासून तो शब्द घरात कुणी उच्चारला न्हाई. आणि जात पडताळणीची कमिटी म्हणती, तुम्ही जी सोडली ती तुम्हाला होती का, ह्याचा पन्नास सालाच्या आधीचा कागद आणा.

पन्नासच्या आधी आमच्याकडं निजाम. निजामाचे कागद उर्दूत. आजोबांच्या जन्माची नोंद असलीच तर गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या रजिस्टरात, आणि ती सगळी रजिस्टरं तालुक्याच्या एका ऑफिसात. तालुक्याचं नाव घेत न्हाई. औश्याहून एसटीनं तासाभराचा रस्ता, एवढंच समजा.

पाच हेलपाटे झाले होते. सहाव्यांदा गेले तव्हा रेकॉर्ड रूमचे कारकून सिद्धलिंग मामा डबा घेऊन निघालेच होते.

"मामा, आज तरी बघा की."

"बघून काय करू बाई? उर्दू वाचणाऱ्याची पोस्ट नऊ वर्षं रिकामी हाय. मला अलिफबी येत न्हाई." मग माझं तोंड बघून म्हणले, "बस आत. मी जेवून येतो. कशाला हात लावू नको. आणि कुणाला काही लिहून देऊ नको."

मला वाटलं, एजंटाबद्दल सांगतेत.

खोली लांबडी. दोन्हीकडं छतापर्यंत मांडण्या, त्यात लाल कापडात बांधलेले गठ्ठे. खिडक्या कबुतरं येऊ नयेत म्हणून खिळे ठोकून बंद. दुपारचा दीड वाजला होता, बाहेर रस्त्यावर उसाच्या रसवाल्याची घंटी वाजत होती. मग लाईट गेली. पंखा थांबता थांबता एक लांब कण्हल्यासारखा आवाज आला, आणि तो थांबला तरी कण्हणं दोन-तीन सेकंद चालूच होतं. घंटीबी ऐकू येईना. वास आला. आधी जुन्या कागदाचा, मग जळक्या कागदाचा, आणि त्याच्या खाली काहीतरी गोडसर, नासलेलं.

"कोणतं गाव, बेटी?"

कोपऱ्यातल्या टेबलाजवळ एक म्हातारे बसले होते. काळा बंद गळ्याचा कोट, टोपी, बोटं शाईनं काळी. मला वाटलं, रोजंदारीवर बोलावलेले चाचा असतील. खरं सांगते, मला भीती न्हाई वाटली. सहा हेलपाट्यांत पहिल्यांदा कुणीतरी स्वतःहून गाव विचारलं होतं. मला रडू आलं.

मी गाव सांगितलं, आजोबांचं नाव सांगितलं. चाचांनी न बघता एक गठ्ठा ओढला, गाठ सोडली. पानं उलटू लागले. एकदम थांबले. दाराकडं बघून, हळू आवाजात...

"लोक गेले का?"

"कोणते लोक?"

"बाहेरचे..."

"हाव, गेले की. सगळे जेवायला गेलेत," मी म्हणले.

ते बराच वेळ कान देऊन बसले. श्वास घेत न्हाईत, हे माझ्या तव्हा ध्यानात आलं. उठावं म्हणले. पण चाचांचं बोट पानावर होतं, आणि ते पान माझ्या गावचं होतं.

"उस पान को वाळवी लागली बेटी. तुमच्या आजोबाची नोंद वाळवीनं खाल्ली."

मी डोक्याला हात लावला. सहावा हेलपाटा, आणि वाळवी!

"रडू नक्को. दुसरा रस्ता हाय. मेरा एक काम करो, तुमचं काम आपोआप होतं." त्यांनी रजिस्टर माझ्याकडं फिरवलं. ओळी भरलेल्या होत्या, सगळ्या एकाच वळणदार हातानं. शेवटची ओळ अर्धी. "ह्या तालुक्याचं जन्मणं-मरणं बावीस वर्षं मी लिहिलं. कॉलऱ्यातले लिहिले. रजाकारांनी मारलेले लिहिले, त्यांनी नक्को लिहू म्हणलं तरी लिहिले. मग पोलीस ॲक्शन झाली. रजाकार पळाले. आणि त्यांचा सूड आमच्यावर काढायला लोक आले... मी ह्याच खोलीत दार लावून बसलो. म्हणले, चाचा बाहर आओ, तुम्हाला काही करत न्हाई. माझ्या वळखीचे होते. त्यांच्या लेकरांचे जन्म मीच लिहिले होते."

"मग?"

"मग मी दार उघडलं."

कुठंतरी मांडणीत एक कागद आपोआप फाटल्यासारखा आवाज आला.

"सगळ्यांचं लिहिलं. माझं कुणी लिहिलं न्हाई. नोंद न्हाई, तर मी ड्युटीवर. आपलं मरण आपण लिहायचं न्हाई, कायदा हाय. ही शेवटची ओळ माझी. एकच शब्द पाहिजे. तुमच्या लिपीत चालंल."

त्यांनी दौतीत टाक बुडवला. दौत कोरडी होती. टाक मात्र ओला निघाला.

आता तुम्ही म्हणाल, सिद्धलिंग मामानं सांगितलं होतं ना? सांगितलं होतं. पण मला तीस तारीख दिसत होती. आणि दुसरं म्हणजे, त्या माणसाला अठ्ठेचाळीस सालापासून एका शब्दासाठी बसवून ठेवलं होतं. मी फक्त सहा हेलपाट्यांत वेडी व्हायला आलते. मी त्यांच्या नावापुढं लिहिलं: मयत.

चाचांनी डोळे मिटले. मग कारकुनाच्या आवाजात म्हणले, "खबर देणार कोण?"

"मीच की."

"पूरा नाम?"

"प्रियदर्शनी साहेबराव सोनकांबळे."

"उमर?"

"अठरा."

"जात?"

"बौद्ध."

टाक थांबला. "ही तर अजून निघाली न्हाई, बेटी... जुनी सांगा."

त्या अंधाऱ्या खोलीत मी तो शब्द जिंदगीत पहिल्यांदा मोठ्यानं म्हणले. त्यांनी मान खाली घालून तो लिहिला, आणि एका कागदावर पूर्ण ओळीची नक्कल करून माझ्या हातात दिली. कागद थंड होता, गुळाच्या ढेपेखालच्या फरशीवाणी.

लाईट आली. टेबल रिकामं.

सिद्धलिंग मामा दात कोरत आत आले. त्यांनी कागद बघितला, मग माझी बोटं बघितली.

"चाचा आलते?"

"तुम्हाला माहीत हाय?"

"माहीत हाय म्हणजे? ऑफिसातलं सगळं उर्दू तेच वाचतेत. साहेबांनाबी माहीत हाय. पोस्ट भरत न्हाईत ते काय उगी?" मग आवाज खाली आला. "तू लिहून दिलंस?"

"एकच शब्द..."

मामा स्टुलावर बसले. "माझ्याकडं नऊ वर्षं मागून राहिलेत. मी न्हाई दिला. ते ड्युटीवर होते तवर ह्या खोलीतच होते, पोरी. आता रिटायर झाले. आता कुठंबी जातेत."

पण नकलेवर सही-शिक्का मात्र त्यांनी दिला. माझं काम खरंच झालं होतं. पप्पानं एका उर्दूच्या मास्तरांकडून भाषांतर करून आणलं: सन एकोणीसशे अठ्ठेचाळीस, मयत गुलाम दस्तगीर, खबर देणार प्रियदर्शनी साहेबराव सोनकांबळे, वय अठरा, आणि पुढं तो शब्द. पन्नासच्या आधीचा पुरावा पाहिजे होता ना? तो पुरावा मीच होते.

कमिटीपुढं मॅडम म्हणल्या, "ही अठ्ठेचाळीसची प्रियदर्शनी कोण?"

पप्पाला मी खोलीतलं सगळं सांगितलं होतं. पप्पा जिंदगीत खोटं बोलले न्हाईत. तिथं बोलले. "माझी आत्या, मॅडम. तिचंच नाव पोरीला ठेवलं. तिच्या बापाचं नावबी साहेबराव. मलाबी आजोबाचंच नाव ठेवलं."

मॅडमनं चष्मा पुसला. "ठीक. त्या हयात हायत का?"

"न्हाई..."

"मग त्यांचा मयताचा दाखला जोडा. त्रुटी लिहून घ्या."

बाहेर आल्यावर पप्पा पायरीवर बसले. "चार दिवस राहिले. जा, त्या म्हाताऱ्याला सांग, काढून दे म्हणावं."

"पप्पा, तो मयताचा दाखला माझाच निघंल."

"अगं, कागदावरच की!"

"कागदावरच्यानंच तर हे सगळं झालं."

"मग सोड सीट! कर शिलाईचा कोर्स!" पप्पा असं ओरडले की चहावाल्यानं वळून बघितलं. मग स्वतःच म्हणले, "न्हाई जायचं तर नको जाऊ. बघू." ते 'बघू' मला शिव्यांपेक्षा जास्त लागलं. तरीबी मी गेले न्हाई.

एकोणतीसला मोबाईलवर मेसेज आला. त्रुटी पूर्तता झाली. वैधता प्रमाणपत्र मंजूर.

मी पळत कमिटीच्या ऑफिसात गेले. आवक बघणाऱ्या शिवकांता ताईंना विचारलं, दाखला कुणी जमा केला.

"तुमच्याकडचे एक म्हातारे आलते की. लई अदबीचे. दोन तास लाईनीत उभे होते बिचारे, खुर्ची दिली तर बसले न्हाईत." त्यांनी फाईल उघडून दाखवली. "तुझ्या घरचा पत्ता विचारत होते. मी दिला. कॉलेजचाबी दिला."

मयत: प्रियदर्शनी साहेबराव सोनकांबळे. वय अठरा. राहणार विष्णुपुरी. खबर देणार: गुलाम दस्तगीर, पेशा कारकून. तारीख तेवीस. महिना सप्टेंबर. सालाचा रकाना कोरा.

आता मी हॉस्टेलवर हाय. कॉलेज चांगलं हाय, मेस बेकार हाय. रूममेट ऋतुजा म्हणती, आज दुपारी तुला भेटायला कुणीतरी आलतं, तू लेक्चरला होतीस, म्हणले परवा येतो.

आज एकवीस सप्टेंबर.

ज्या कमिटीनं कांबळे का सोनकांबळे म्हणून माझी फाईल आठवडाभर अडवली होती, त्यातल्या एकालाबी विचारावंसं वाटलं न्हाई, की बाई, साल कुठाय?