येळवसच्या सकाळी बदललेला व्हॉल्व

धुळाप्पाच्या थोरल्या लेकाचं, श्रीशैलचं लग्न झालं आणि तो बायकोला घेऊन पुण्याला कंपनीत गेला, ते साल २०१०. मागं दारात राहिली त्याची डिझेलची व्हॅन. धुळाप्पा गुडघ्यानं अधू, म्हणून स्टिअरिंगवर धाकटी लेक हेमावती बसली. रोज सकाळी गावातल्या चौदा पोरींना ती तालुक्याला, आळंदच्या कॉलेजात सोडायची. गाव आधी हसलं, मग त्याला सवय झाली.

डिसेंबरात एकदा, पोरींना सोडून परतताना, चढावर व्हॅननं काळा धूर ओकला, दोन आचके दिले आणि... गप्प! दोन्ही बाजूंना शेंगांनी वाकलेली तूर, झोंबणारा वारा, रस्त्यावर चिटपाखरू नाही.

एक मोटारसायकलवाला पुढं गेला, थांबला, मागं वळला.

"काय झालंय, अक्का?"

"अक्का कुणाला म्हणायलाव? तुमच्यापेक्षा ल्हान हाय मी."

"मग काय म्हणू?"

"आधी गाडीला काय झालंय ते म्हणा."

तो हसला. गालावर ग्रीसचा डाग होता आणि हसताना तोही हलला. नाव सिद्धराम. पुण्यात आठ वर्षं गॅरेजात काढून आला होता, आळंदच्या स्टँडामागं नुकतंच शेड टाकलं होतं. त्यानं बॉनेट उघडलं आणि एका बारीक रबरी नळीतून पांढरं काहीतरी ओढून काढलं.

"ही... लोकर?"

हेमावती लाजली. "अप्पांनी कोंबली. धूर तिथनंच येतो म्हणले. मेंढरं राखणाऱ्याच्या घरात दुसरं काय घावणार?"

सिद्धराम पोट धरून हसला. मग त्यानं नीट दाखवलं. इंजिनाचा थोडा धूर परत आत सोडणारा हा ईजीआर व्हॉल्व, काजळीनं उघडाच अडकलाय. धुरामुळं इंजिनाला हवाच पुरत नाही. त्यानं काजळी खरवडली.

"चार दिवस निघतील. समदे हितं पत्रा लावून बंदच करतेत. लावू?"

"मग कंपनीनं ठेवला कशाला?"

त्यानं मान वर करून तिच्याकडं पाहिलं. जरा जास्तच वेळ. "हे मला कुणीच विचारलं न्हाई आजवर... नवाच बसवू. सोलापूरहून मागवतो."

घरी धुळाप्पानं ठणकावलं, "येळवसला समदं घर शेतात न्यायचंय. त्या दिवशी अडली, तर दुसऱ्या दिवशी उमरग्याचं गिऱ्हाईक गाडी इकत घिऊन जाईल. मग तू बी घरात बस."

हेमावती रोज शेडपुढं व्हॅन थांबवू लागली.

"आला का व्हॉल्व?"

"न्हाई आला. चहा?"

"व्हॉल्व मागायलेय मी, चहा न्हाई."

तरी ती चहा प्यायची. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही.

येळवस, म्हणजे मार्गशीर्षातली वेळा अमावास्या, उजाडली. त्या दिवशी सगळा मुलूख शेतात जेवतो. बाजारात कुत्रंसुद्धा सापडत नाही. व्हॅनमध्ये डाळी-भाज्यांच्या भज्जीचं पातेलं चढलं, बाजरीच्या पिठाचे उकडलेले उंडे चढले, ताकातल्या अंबिलीचं मडकं चढलं. हेमावतीनं चावी फिरवली. धूर... आचका... बंद. धुळाप्पा उमरग्याच्या गिऱ्हाइकाला लावायला खिशात फोन चाचपू लागला.

तिनं सिद्धरामला फोन लावला. अर्ध्या तासात तो आला, स्वतःच्या घरचं शेत सोडून. हातात नवा खोका. खोक्यावर ट्रान्सपोर्टची पावती चिकटलेली. हेमावतीनं तारीख वाचली.

"हे आठ दिवसांमागचं हाय."

सिद्धराम पाना शोधत राहिला.

"सिद्धराम."

"व्हय. आला हुता. बसवला असता तर... तू थांबली नसतीस."

"आन् माझी गाडी गेली असती ते?" तिचा आवाज चिरकला. "येडा हायस का? रोजच येते मी आळंदला. नुसतं 'थांब' म्हणायचं हुतं!"

त्याच्या हातातला पाना खाली पडला. तिनं उचलून दिला. बोटं लागली, दोघांचीही काळी झाली. मग त्यानं मान खाली घालून दोन बोल्ट काढले, जुना व्हॉल्व उतरवला, आतली वाट खरवडली, नवं पॅकिंग घातलं, नवा व्हॉल्व आवळला.

"चावी मार आता."

व्हॅन एका दमात सुरू झाली. धूर नाही. घरच्यांसकट सिद्धरामलाही कोंबून ती चढ चढली, कुठंही न अडखळता.

शेतात पूजा झाली. आता घोंगडी पांघरून, हाळी देत, अंबील शिंपत शेताभोवती फिरायचं. दरसाल हे धुळाप्पा करायचा. त्यानं घोंगडी उचलली आणि सिद्धरामच्या खांद्यावर टाकली.

"अवं!" अंबुबाई नवऱ्याला म्हणाली, "घरच्याच माणसानं पांघरायची असती ती!"

"म्हणूनच दिली. गुडघा गेलाय माझा, कान न्हाई गेलं."

सिद्धराम जागीच खिळला. त्यानं हेमावतीकडं पाहिलं.

"बघायलास काय?" तिनं अंबिलीचा तांब्या त्याच्या हातात दिला. हसू ओठांत मावत नव्हतं. "चल... मी हाय की संगं."

त्या उन्हाळ्यात दोघांचं लग्न झालं. व्हॅन विकली नाही. हेमावती तीच चालवत राहिली. लेकीचा संसार बघून धुळाप्पा २०१२ च्या श्रावणात, दुसऱ्या सोमवारी सकाळी वारला.