डॉक्टरांचे चेंडू डावीकडे का गेले

चेंडू उघड्या दारातून आत आला, लोखंडी कपाटावर आपटला आणि उडी मारून थेट तिच्या चहाच्या कपात पडला. कप शाबूत राहिला, चहा मात्र टेबलभर. हातात कानस धरून ती नुसती बघतच राहिली. गोल्फच्या सरावाच्या मैदानाला चिकटून ही खोली बांधायची अक्कल कुणाची, हे ती मामाला अधूनमधून विचारायचीच. आज पुन्हा विचारावं लागणार होतं.

पाठोपाठ एक उंच तरुण धापा टाकत दारात आला आणि तिला बघून तिथेच अडखळला.

"सॉरी... कुणाला लागलं का?"

"चहाला लागलं." तिने चेंडू बाहेर काढून फडक्याने पुसला. "सात नंबरचा आयर्न ना?"

"हो. तुम्हाला कसं कळलं?"

"आठ नंबरचा चेंडू खिडकीतून येतो."

आता हे तिने सरळसरळ ठोकून दिलं होतं. पण ती थापसुद्धा इतक्या ठामपणे मारायची की समोरच्याला वाटावं, खरंच, आठ नंबरचा खिडकीतूनच येत असणार. त्यालाही तसंच वाटलं. त्याने मोठ्या आदराने खिडकीकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं — आणि मग खिडकीकडे बघायचं त्याला काही कारणच उरलं नाही.

तो दातांचा डॉक्टर. मागच्याच रस्त्यावर त्याचा दवाखाना. गोल्फचं वेड काकांनी लावलेलं, आणि हातातले आयर्नही, म्हणजे चेंडू मारायच्या लोखंडी पात्याच्या काठ्याही, काकांच्याच, त्यांच्या वापरून झालेल्या.

"काका तुमच्याएवढेच उंच आहेत?" तिने विचारलं.

"माझ्या खांद्याला लागतात."

"म्हणजे काकांचा चष्मा लावून वाचताय, आणि अक्षर दिसत नाही म्हणून डोळ्यांना दोष देताय."

"मग माझा चष्मा तुम्ही करून द्याल?"

"देईन. आधी माझा चहा भरून द्या."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. गोल्फच्या सामानाचं हे दुकान मामाचं. पुढे काउंटर, मागे ही खोली, आणि खोलीत ते कामाचं टेबल, जिथे आयर्नची पात्यालगतची मान पकडीत धरून हव्या त्या कोनात वाकवायची. मामाचे हात आता थरथरू लागले होते. "आयर्नचा पहिला सेट तू एकटीने कर," त्याने सांगून टाकलं होतं. "गिऱ्हाईक खूश झालं तर टेबल तुझं. तक्रार घेऊन परत आलं, तर मी बाहेरून कारागीर आणणार. भाची म्हणून सूट नाही." तिला ते टेबल हवं होतं, अगदी लहानपणापासून हवं होतं. आणि आपल्याला हे काम जमतं याबद्दल तिच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. शंका सगळ्या मामाच्या वाट्याला आल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आला तो फर्माईश घेऊनच. "मला ते पातळ पात्याचे आयर्न हवेत. क्लबच्या टीममधले सगळे तेच वापरतात. टीममध्ये एक जागा रिकामी आहे, महिनाअखेरीला निवडीची मॅच आहे."

"नाकापेक्षा मोती जड व्हायचा. पातळ पातं दिसायला सुरेख असतं, पण चेंडू मधोमध लागला नाही तर ते माफ करत नाही."

"तुम्ही करता?"

"चहा सांडणाऱ्याला केलंच की." ती रॅकवरचे आयर्न चाळत होती. "पाच आणि सहा नंबर हे असे घ्या, मागून पोकळ, रुंद बुडाचे. जरा चुकलात तरी सांभाळून घेतात. आठपासून पुढे खुशाल पातळ घ्या, तिथे तुमचा हात बसलाय. सात नंबर... सात नंबर तुम्हीच निवडा."

"मला आवडेल तो?"

"रोज हातात धरायची गोष्ट आहे. मनासारखी नको?"

तो रॅककडे बघतच नव्हता. "निवडली," तो म्हणाला.

तिचे कान तापले. तिने घाईघाईने एक सात नंबर त्याच्या हातात कोंबला आणि त्याला मैदानावर पिटाळलं.

मग माप. चेंडूच्या पाठीवर शाईने उभी रेघ काढायची आणि मारायला सांगायचं. रेघ पात्यावर उमटते. सरळ उमटली तर आयर्नचा कोन बरोबर, तिरकी उमटली तर मान वाकवायची. मामाचा नियम असा, की पहिले टोपलीभर चेंडू मारून होईपर्यंत मापाला हात लावायचा नाही. माणसाला दमू द्यावं, घामेजू द्यावं, आपल्याकडे कुणी बघतंय हे विसरू द्यावं. पण डॉक्टर पहिल्याच चेंडूला असा काही उभा राहिला — पाठ ताठ, मान उंच, छाती पुढे — की तिने नियम गुंडाळून ठेवला आणि लगेच रेघ काढली. दिवसभर लोकांच्या तोंडात डोकावणारा माणूस, आणि उभा राहतो बघा कसा, तिला वाटलं. बघायला इतकं छान असताना आणखी टोपलीभर वाट कशाला बघायची?

सेट तयार झाला. डॉक्टर हसत घेऊन गेला, मामाही मिशीत हसला. आणि त्याच आठवड्यात डॉक्टर परत आला. काउंटरवर, मामासमोर, पडलेल्या चेहऱ्याने.

"सगळे चेंडू डावीकडे जातात."

मामाने चष्म्यावरून भाचीकडे पाहिलं. ओरडला असता तर परवडलं असतं.

"शक्यच नाही," ती म्हणाली. तिने एकेक आयर्न पकडीत लावून तपासला. सगळे कोन चोख. मग तिने डॉक्टरला मैदानावर उभं केलं. "मारा." चेंडू सरळ. "आणखी मारा." सरळ. सुताने आखल्यासारखे चेंडू जात होते.

"डॉक्टर, माझी थट्टा चाललीय का?"

"नाही हो. तुम्ही नसताना खरंच डावीकडे जातात."

"आणि मी असताना सरळ."

"...हो."

"परत भेटायचं होतं तर नुसतं यायचं. मी काय हाकलून दिलं असतं? त्यासाठी माझ्या कामाला नावं ठेवायची, तीही मामासमोर?"

डॉक्टर गोरामोरा झाला. "भेटायचं होतं, हे खोटं नाही," तो हळूच म्हणाला. "पण त्यासाठी तुमचं काम पणाला लावीन — तसला वाटलो मी तुम्हाला?"

पिशवी खांद्याला लावून तो निघून गेला. तिला बोचलं, कारण तो तसला मुळीच वाटत नव्हता. आत आली तर मामा म्हणाला, "कारागिराला शनिवारी कळवायचंय. तोपर्यंत काय ते बघ."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भुरभुर पाऊस होता. मैदानावर चिटपाखरू नव्हतं. गवत कापायच्या यंत्राच्या शेडमागे ती डोक्यावर रुमाल धरून उभी राहिली. दवाखाना बंद करून डॉक्टर एकटाच आला. त्याने चेंडू ठेवला, आयर्न हातात घेतला... आणि खांदे पुढे, मान खाली, पाठीला हे एवढं पोक. चेंडूलाच 'आ करा' म्हणतोय अशा थाटात तो वाकला होता. हात खाली आलेले, आयर्नचं टोक हवेत, त्यामुळे पात्याचं तोंड डावीकडे. चेंडू गेला डावीकडे. दुसराही डावीकडे.

तिने तोंडावर हात दाबला तरी हसू फुटलंच. ती शेडमागून बाहेर आली. डॉक्टरने वळून पाहिलं, आणि काय सांगावं, तिच्या डोळ्यांदेखत माणूस चार बोटं उंच झाला.

"डॉक्टर, हे ताठ उभं राहणं कुणासाठी?"

"मी कुठे... मी तर असाच..."

"असे नाही. मघाशी वाकला होतात तसे."

पावसाचे थेंब त्याच्या पापण्यांवर साचले होते. ते पुसायचंही त्याला सुचलं नाही. "आई लहानपणापासून ओरडतेय, पोक काढू नकोस म्हणून. तिच्यासाठी कधी जमलं नाही. तुम्ही समोर आलात की... आपोआप होतं. पहिल्या दिवसापासून."

तिला इतका आनंद झाला की डोक्यावरचा रुमाल कधी खाली आला तेही कळलं नाही. आणि तेवढ्यात तिला टेबल आठवलं, आणि ती दुकानाकडे बघू लागली. डॉक्टरलाही ते कळलं असावं.

"चला, मी मामांना सांगतो," तो म्हणाला. "मीच खोटा उभा राहिलो. तुमची काय चूक?"

सोपं होतं. तिने मान डोलावली असती तर काम फत्ते होतं. "नाही," ती म्हणाली. "गिऱ्हाईक ताठच उभं राहतं. ते ओळखायचं काम माझं."

भिजलेल्या दोघांना बघून मामाने चष्मा काढला.

"मामा, चूक माझी. मी पहिल्याच चेंडूला माप घेतलं."

"का?"

"हा छान दिसत होता म्हणून."

डॉक्टरला ठसका लागला. मामाने त्याला पाण्याचा ग्लास दिला आणि चष्म्याच्या काचा पुसायला घेतल्या.

"तक्रार आली की टेबल गेलं, असं ठरलं होतं," तो म्हणाला.

"ठरलं होतं. तू शब्द पाळ. पण हा सेट मी दुरुस्त करणार, मग ये म्हणावं तुझ्या कारागिराला. आणि तो आला की त्याला सांग, गिऱ्हाईक शेडमागे लपूनही बघायचं असतं. हे त्याला ठाऊक नसणार."

"मान काय, कुणीही वाकवतं," मामा म्हणाला. "चूक शोधायला पावसात कोण उभं राहतं? बस त्या टेबलाशी."

"आणि तुझा शब्द?"

"माझाच आहे ना? वाकवीन दोन अंश."

तिने सात नंबर पकडीत आवळला. डॉक्टर जवळ आला.

"एक अडचण आहे," तो म्हणाला. "तुम्ही आता पोकाच्या मापाने वाकवणार. निवडीच्या मॅचला तुम्ही आलात की मी ताठ होणार, आणि चेंडू उजवीकडे."

"मग मी येत नाही."

"त्यापेक्षा वाकवूच नका. हे असेच राहू द्या, आणि तुम्ही या. या मॅचला. पुढच्या मॅचला... सगळ्याच मॅचना. मला जन्मभर ताठ उभं राहायला आवडेल."

तिने पकडीचा दांडा धरला होता, तो तसाच धरून ठेवला. कुणी असं काही बोलेल म्हणून ती कधी वाट बघत बसलेली नव्हती, पण ऐकल्यावर कळलं की हेच ऐकायचं होतं.

"जन्मभर ताठ उभे राहिलात तर पाठ मोडेल," ती म्हणाली. "मी येणार. आणि आयर्नही वाकवणार. तुम्ही माझ्यासमोर पोक काढायला शिका. रोज दवाखाना बंद झाला की इथे यायचं, या स्टुलावर बसायचं. माझी नवलाई संपली की पाठ आपोआप खाली येईल."

"आणि नाहीच संपली तर?"

"तर आणखी यायचं."

तो आला. रोज आला. दातांच्या गोष्टी सांगत, चहा भरून देत, हळूहळू स्टुलावर सैलावत गेला.

निवडीची मॅच तो जिंकला, टीममधली जागाही त्याला मिळाली, पण ती पुढची हकिकत. आपल्याला त्या दिवसाचा पहिला फटका पुरे. मामा आणि भाची अगदी पुढे उभे होते. डॉक्टरने सात नंबर काढला, तिच्याकडे बघून हसला, आणि मग त्याचे खांदे पुढे आले, मान खाली गेली, पाठीला भलंमोठं पोक आलं. चेंडू सरळ झेंड्याच्या दिशेने गेला.

मामा डोळे फाडून बघत होता. "हा असा उभा राहतो? आणि तुला हा आवडला?"

"हो," ती म्हणाली. "हाच आवडला."