शुद्ध केलेली ओळ

वैजनाथ सर वीस वर्षं रणकविता लिहीत होते. सीमा सोडा, त्यांनी नांदेडच्या पुढची थंडीही पाहिली नव्हती. पण रणभेरी, रुधिर, वीरगती असे शब्द फेकले की आखाडा बाळापुरात टाळ्या ठरलेल्या. गावात कवी म्हणजे आपणच, बस्स!

मग फौजेतून सुटून भावसिंग गावी आला. एक कागद पुढं करून म्हणाला, "सर, तेवढं शुद्धलेखन पाहून द्या. रविवारच्या संमेलनात वाचावं म्हणतो."

सोळा ओळी. ना रणभेरी, ना रुधिर. बर्फातली चौकी, रॉकेलचा वास, तोफगोळे, आणि उतारावरून चौकीकडं परतणारा जोडीदार पेमा. शेवटी एवढंच: "पेमा येऊन राहिला."

सरांनी कागद पुन्हा एकदा वाचला. लेकाच्यानं एक उपमा न वापरता अंगावर काटा आणला की! आपण वीस वर्षं जे शोधलं, ते ह्याला नुसतं तिथं उभं राहून मिळालं. असा जळफळाट त्यांचा कधीच झाला नव्हता.

"'येऊन राहिला' अशुद्ध आहे," ते म्हणाले. "'आला' हवं. ठेवून जा कागद."

"बाकी काही बी बदला सर, तेवढं राहू द्या." भावसिंगनं त्या ओळीवर बोट ठेवलं. "येऊन राहिला, म्हंजी अजून येतोयच. तो पोचलाच न्हाई. मधीच गोळा पडला. तवापासून मी त्याला वाटंवरच ठेवलंय."

रविवारी दुपारी मे महिन्याच्या उन्हानं मंडप भाजून निघाला होता. अध्यक्ष म्हणून सर आधी उठले आणि तीच कविता स्वतःची म्हणून वाचू लागले. आज ह्याला जागा दाखवायचीच! शेवटची ओळ त्यांनी ठासून म्हटली.

"पेमा आला."

एक टाळी वाजली नाही. पहिल्या रांगेतल्या बायांनी पदर अंगाभोवती घट्ट ओढून घेतले.

माइकसमोर सरांच्या तोंडून वाफ निघत होती.

भावसिंग उभा राहिला. चिडलेला दिसत नव्हता. "सर," तो हळूच म्हणाला, "आला म्हणलात ना तुमी? तुमच्या नावानं?"

तेवढ्यात सरांचा फोन वाजला. घरून बायको, ज्योती.

"अहो, कोणी फौजी येऊन बसलेत. अंगणातल्या तापल्या पत्र्यावर हात शेकून राहिले, तरी कुडकुडत्यात. तुमीच बोलावलं म्हणे."

"काय... काय पाहिजे त्याला?"

"काही न्हाई. तुमच्या पायाचं माप विचारून राहिले. चौकीवर न्यायचंय, बर्फातले बूट आणायचेत म्हणे."