काचेतल्या पाहुण्यांना आवतन

आणीबाणी उठली त्या साली वडगाव रासाईच्या ग्रामपंचायतीत टीव्ही आला. त्याच्या आधी त्याचं लाकडी कपाट आलं. कपाटाला दोन दारं, दारांना कुलूप, आणि कुलपाची किल्ली शिपाई चांगदेवच्या करदोड्याला. दिवेलागणीला तो कपाट उघडायचा तेव्हा पुढं पोती टाकून अर्धं गाव बसलेलं असायचं. पत्र्यावर उंच पाइपाला बांधलेला अँटेना सिंहगडाकडं तोंड करून उभा. वाऱ्यानं तो फिरला की चित्रावर मुंग्या यायच्या. मग कुणीतरी वर चढायचं आणि खालनं गलका व्हायचा, "आलं, आलं! गेलं बगा! जरा भीमेच्या अंगाला घ्या!"

बयाबाई सगळ्यांत मागं, दाराशी पोतं टाकून बसायची. एरवी तिचा हा रिवाज नव्हता. पंचक्रोशीत कुठंही कीर्तनाला बुवा उभे राहिले की बयाबाई आणि तिचा नवरा हरिबा पुढच्या रांगेत ठरलेले. हरिबा म्हणजे मेंढरं सोडून शेतीला लागलेला धनगर. त्याचा आवाज असा, की हाक मारली तर नदीपलीकडचा माणूस वळून बघेल. बुवांनी नामघोष केला की त्याची टाळी सगळ्यांच्या वर.

पण दिवाळीच्या तोंडाला शिरूरच्या बाजारातनं परत येताना, गाडीतच, हरिबाची उजवी बाजू गेली आणि वाचाही. दौंडच्या डॉक्टरांनी हातपाय हलवून पाहिले. "हात कदाचित येईल. बोलण्याचं सांगता येत नाही. तुम्ही मात्र बोलत राहा त्यांच्याशी."

बयाबाई बोलत राहिली. कांद्याचं बोलली, शेळीचं बोलली, भावकीतल्या भांडणांचं बोलली. हरिबा भिंतीकडं तोंड करून पडलेला. भाकरी चुरून तोंडाशी नेली तर ओठ मिटून घ्यायचा. माणूस बरा व्हायचंच सोडून देतो तसं त्यानं केलं होतं, आणि हे तिला कळत होतं. म्हणून ती टीव्हीला जायची. तिथलं बघायचं आणि घरी येऊन त्याला सांगायचं. दुसरं काही उरलंच नव्हतं सांगायला. घरी लगेच पळता यावं म्हणून दाराशी बसायचं.

तिचे कार्यक्रम तीन. शेतीच्या कार्यक्रमात लिंबाखाली बसून खताबियाण्याचं सांगणारा गुणाप्पा. बुधवारच्या गोष्टीतला दगडू पोष्टमन, खाकी कपड्यातला, वाड्यावस्त्या पालथ्या घालणारा. आणि गुरुवारी कीर्तनाचे बुवा. बुवांनी झांज घेतली की बयाबाई बसल्या जागी हात जोडायची. गावातच बसून असं कीर्तन मिळतं, ही काय थोडी कृपा झाली?

एका संध्याकाळी सांगता सांगता तिचा डोळा लागत होता. त्या गुंगीत तिनं बुवांना गुणाप्पाच्या बांधावर नेऊन उभं केलं. "बुवा म्हनले, गुनाप्पा, तुज्या खळ्यात कीर्तन लावू. गुनाप्पा म्हनला, लावा, पन आधी सांगा, हरभऱ्याला घाटं का धरंनात?" आपण काय बोललो हे ध्यानात येऊन तिनं जीभ चावली. पण हरिबाचा चेहरा भिंतीकडनं तिच्याकडं वळला होता. ओठाची डावी कड हलली होती. त्या रात्री त्यानं अर्धी भाकरी खाल्ली.

बयाबाईनं देवासमोर डोकं टेकलं आणि दुसऱ्या दिवसापासून कंबर कसली. जागरणाला देवांची नावं घेऊन सुपाऱ्या मांडतात, आवतन देतात, तशी ती ताटलीत अक्षता टाकून सुपाऱ्या मांडायला लागली. ही बुवांची. ही गुणाप्पाची. ही दगडू पोष्टमनची. "या महाराज, आमच्या घरला या," असं म्हणून अक्षता टाकायची आणि सुरू करायची. गुणाप्पाच्या खळ्यात कीर्तन रंगलं. दगडू टपाल द्यायला आला, वहाणा बाहेर काढून बसला, आणि नामात असा गुंगला की तसाच अनवाणी निघून गेला. हरिबाच्या डोळ्यांत हसू आलं. वाचा मात्र आली नाही.

पुढच्या शेतीच्या कार्यक्रमात गुणाप्पाच्या मागं लिंबाच्या फांदीवर एक जरीकाठी उपरणं होतं.

"बयाक्का," शेजारघरची सिंधूबाई मागं सरकून कुजबुजली, "ते उपरनं कीर्तनवाल्या बुवांचं न्हाई का गं?"

"आसंल की. मुंबईला एकाच खोलीत करत्यात समदं," चांगदेव पुढनंच म्हणाला. "हितलं सामान तिथं, तिथलं हितं. माज्या मेव्हन्यानं बगितलंय."

"तुज्या मेव्हन्यानं काय काय बगितलंय त्ये सांग की येकदा," सिंधूबाई म्हणाली, आणि सगळे हसले. बयाबाईही हसली. चांगदेवचं म्हणणं पटण्यासारखं होतं.

बुधवारी दगडू पोष्टमन वाडीची चढण चढत आला. खाकी कपडे, खांद्याला पिशवी, आणि पाय उघडे. घोट्यापर्यंत चिखल.

"आता गं बाई, ह्याच्या वहाना कुटं ऱ्हायल्या?" कुणीतरी म्हणालं.

"आवो, सरकारी पगारात वहाना कुटल्या!" चांगदेव म्हणाला. पुन्हा हशा झाला.

बयाबाई हसली नाही. वहाणा कुठं राहिल्या हे या खोलीत तिला एकटीला ठाऊक होतं, आणि तिनं ते फक्त हरिबाला सांगितलं होतं.  भीतीपेक्षा तिला आशाच जास्त वाटली. आपलं आवतन कुठंतरी पोचतंय. कुणीतरी ते पाळतंय.

घरी येऊन तिनं ताटली घेतली. तीन सुपाऱ्या मांडल्या. मग डब्यातनं चौथी काढली आणि हरिबाच्या डोळ्यांपुढं धरली.

"आवो, ही तुमची. गुरुवारी बुवांच्या म्होरं तुमी बसायचं. फुडच्या रांगेत. येनार न्हवं?"

हरिबा तिच्याकडं एकटक बघत राहिला. तिनं त्याच्या नावानं अक्षता टाकल्या.

गुरुवारी खोलीत गर्दी होती. बुवांनी झांज वाजवली, नमन झालं. एरवी पडद्यावर बुवा आणि दोन साथीदार एवढंच दिसायचं. ऐकणारे कधी दिसले नव्हते. त्या दिवशी चित्र हळूहळू वळलं. सारवलेलं खळं दिसलं. खळ्याच्या मधोमध रोवलेला तिवडा दिसला, त्याला टेकून बसलेला गुणाप्पा दिसला. मांडी घालून बसलेली माणसं दिसली.

पुढच्या रांगेत ओळखीचं मुंडासं होतं. खांद्यावर घोंगडी.

ताठ बसलेला. दोन्ही हातांनी टाळी वाजवणारा.

त्यानं मान वर केली आणि काचेतनं सरळ बाहेर बघितलं. हात उंच केला. उजवा.

तेवढ्यात व्होल्टेज पडलं. चित्र आवळत आवळत ठिपक्याएवढं झालं आणि विझलं. अंधारात लोकांनी चांगदेवच्या नावानं ओरडा केला.

बयाबाई उठली आणि पळाली.

घरात कंदील जळत होता. हरिबा अंथरुणावर होता तसाच होता. मुंडासं खुंटीला, घोंगडी पायांशी घडी घातलेली. ती दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. धाप लागली होती.

"मागं का बसलीस?" हरिबा म्हणाला.

आवाज घोगरा होता, अडखळत होता. पण त्याचाच होता. बयाबाई त्याच्या उशाशी येऊन बसली. त्याचा हात कपाळाला लावून ढसाढसा रडली. बिरोबाचं नाव घेतलं, पांडुरंगाचं घेतलं, बुवांचं घेतलं, ज्यानं कुणी तो टीव्हीचा डबा शोधून काढला त्याचंही भलं चिंतलं. रडून झाल्यावर तिला त्याचे शब्द पुन्हा ऐकू आले.

"मागं म्हंजी कुटं, आवो?"

"दाराशी." तो एकेक शब्द जुळवून बोलत होता. "तुमी समदी काचंपल्याड बसला व्हता. सिंधू म्होरं व्हती. मी हात केला. तू बगितलंस का?"

"बगितला."

"आन् तुज्या शेजारी त्यो कोन व्हता? खाकीतला?"

बयाबाईच्या शेजारी कुणी नव्हतं. डाव्या अंगाला भिंत, उजव्या अंगाला रिकामं दार.

"लय गोड ऐकत व्हता," हरिबा म्हणाला. "डोळं मिटून." आणि मग, महिन्यांनंतर पहिल्यांदा, त्यानं स्वतःहून भाकरी मागितली.

सकाळी तिनं ताटली बघितली. चारी सुपाऱ्या अक्षतांत होत्या. रात्रीच्या आनंदात निरोप द्यायचा राहून गेला होता. आवतन दिलेल्यांना निरोप द्यायचा, सुपाऱ्या नदीत सोडायच्या, ही रीत. ती ताटली घेऊन भीमेपर्यंत गेली. पाण्यात उतरली. पाठीमागं घरातनं हरिबा कुणाला तरी हाक मारत होता, तुटक, पण मोठ्यानं. ती हाक इथवर येत होती. पाहुण्यांना निरोप दिला आणि त्यांनी आणलेलं त्यांच्याबरोबरच गेलं तर? आणि एवढं देऊन गेलेल्यांना आता जा म्हणायचं तरी कुठल्या तोंडानं?

ती ताटली तशीच घेऊन परतली आणि देव्हाऱ्यात बुवांच्या, गुणाप्पाच्या, दगडूच्या आणि नवऱ्याच्या सुपारीला हळद लावली.

त्या संध्याकाळी ग्रामपंचायतीत सिंधूबाईनं हाक मारली. "बयाक्का, म्होरं ये की. आज तर तुज्या धन्यानं माज्या नावानं हाक मारली, सोन्यासारखा दीस! ये, हितं जागा हाय."

"ऱ्हाऊ दे," बयाबाई म्हणाली. "हितं बरं हाय."

तिनं दाराशी पोतं अंथरलं. रोजच्यासारखं घडी घालून नाही, पुरतं उलगडून, दोघांना पुरेल असं. चांगदेवनं कपाट उघडलं, मुंग्या आल्या, मुंग्यांतनं गुणाप्पाचा लिंब उमटला. दाराच्या अंगाला ओल्या मातीचा वास आला. बाहेर तर कोरडी ठाक थंडी होती.

बयाबाईनं मान वळवली नाही. पदर आवरून ती जराशी भिंतीकडं सरकली.

"बसा, दादा," ती हळूच म्हणाली.

पोत्याची उजवी बाजू सावकाश दबली.