कुर्बानची बुडालेली नाव

१९३४ सालच्या कार्तिकातली सकाळ. बाळापूरच्या किल्ल्याखाली, काठापासून वीस पावलांवर, कुर्बान नावाड्याची नाव नदीच्या तळाशी दिसली आणि लगेच त्याच्या झोपडीवर दगड पडायला लागले.

फौजदार खुशालराव पोचले तेव्हा लोकांनी कुर्बानला बाभळीला बांधलं होतं. नावेबरोबर उत्तमराव देशमुख बुडाले, असं त्यांचा पुतण्या किसनराव सांगत होता. सोमवारी काकांकडे दत्तकविधान होतं. त्यासाठी तो कालच अकोल्याहून, जठारपेठेतल्या घरून, आला होता.

"तुम्ही काय पाहिलं?"

"पहाटे काकाले घाटावर मीच आणलं. काका आले, सरळ नावेत चढून बसले, नाव सुटली. मंग यानं नाव उलटवली आन् सोता पोहून पळाला."

"चढताना काही बोलणं?"

"एक शब्द नाही. फाशी द्या याले!"

"झूट!" कुर्बान ओरडला. "मी सांजच्याले नाव बांधून घरी गेलो. सकाळी आलो तं नाव जाग्यावर नाही!"

खुशालराव त्याच्या बायकोकडे, हलीमाबीकडे वळले. "लोक एवढे का चिडलेत?"

"जोड्यापायी, साहेब. पाटील असो का तहसीलदार, जोडे हातात घेतल्याबिगर हा कोणाले चढू देत नाही. नावेवर पोट भरते, म्हणते. उत्तमरावबी काढत. बाकीच्यायले अपमान वाटते."

पाण्यात उतरायला मात्र कोणी तयार होईना. दगड मारायला शंभर जण होते! खुशालरावांना त्या गर्दीची शिसारी आली. त्यांनी आपला रॉकेलचा डबा मागवला. डब्याला पुढे काच होती आणि वर सायकलच्या पंपाची नळी. विहिरींतले मुडदे शोधायला तो त्यांनी स्वतःच बनवला होता. कमरेला दगड बांधून, डबा डोक्यावर घेऊन ते काठावरून चालतच पाण्यात शिरले. हवालदार पंप मारत राहिला. लोक फिदीफिदी हसले.

तळाशी नाव सरळ बसली होती. तिचं बूड पहारीनं फोडलेलं होतं. आडव्या फळीखाली उत्तमराव अडकले होते. डोकं मागून फुटलेलं. पायांत बूट, नाड्या घट्ट बांधलेल्या.

वर येताच खुशालराव म्हणाले, "कुर्बानला सोडा."

"काहून?" गर्दी खवळली.

"नाव उलटली नाही, फोडली आहे. आणि उत्तमरावांच्या पायांत बूट आहेत. जिवंत माणूस या नावेत बुटानं चढत नाही. त्याचाच तर तुम्हाला राग! म्हणजे त्यांना आधी मारलं, मग नावेत टाकलं. बाळापूरच्या माणसानं आठवणीनं बूट काढले असते. किसनराव, या नावेत तुम्ही कधी बसलात?"

किसनराव दोन पावलं मागे सरकला.

"कधीच नाही. म्हणून काका सरळ चढून बसले, असं तुम्ही सांगितलंत. सोमवारी दत्तक आला असता, तर तुमचा वारसा गेला असता."

किसनराव पळायला वळला. हवालदारानं त्याची मानगूट धरली.

"माहा हक्क होता!" तो किंचाळला. "काका परक्याच्या पोराले देऊन राहिले होते!"

कुर्बानचे दोर सुटले. मनगटं सोलवटली होती. माफीचा शब्द कोणी काढला नाही, लोक निमूट घराकडे वळले. हलीमाबी वाटेत आडवी उभी राहिली.

"कुठं चालले? दगड मारले न? आता त्याच हातानं माही नाव वर काढा."

कोणी हललं नाही. खुशालराव ओल्या कपड्यांनिशी तिच्या शेजारी जाऊन उभे राहिले, आणि नाव काठाला लागेपर्यंत त्यांनी एकालाही घरी जाऊ दिलं नाही.